जबडा बरा होतो आणि महिन्याभराने पुन्हा धरतो: घरच्या घरी काय तपासायचं, काय करायचं

लक्षण असं. उजव्या कानाच्या पुढे, चष्म्याची काडी कानावर चढते त्याच्या जरा खाली, ठणका. सकाळी उठल्यावर गाल जड. पोळीचा तिसरा-चौथा घास चावताना कळ, जांभई देताना 'कट्'. चार-पाच दिवस शेकलं, मऊ खाल्लं की थांबतं. आपण विसरून जातो. महिन्याभराने स्वारी पुन्हा हजर. माझं हे दीड वर्ष चाललं आणि त्यातलं पहिलं वर्ष मी भलतीकडेच शोधत होते.

पहिला संशय कानावर. आईने लसूण घालून कोमट केलेलं तेल लगेच पुढे केलं. मी घातलं नाही, तुम्हीही घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर तेलाने नसतं दुखणं मागे लागतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत डोकावून "कान स्वच्छ आहे" म्हणून परत पाठवलं. यात नवल काही नाही. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला इतका चिकटून आहे की सांधा दुखला तरी कान दुखल्यासारखंच वाटतं, कधी कानात दडा बसतो, कधी आवाज येतो. सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टन यांनी १९३४ साली या दुखण्यावर लिहिलं, तेही कान-नाक-घशाचेच डॉक्टर. दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि म्हणून दुखतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पुढे टिकलं नाही, पण दातांच्या ठेवणीला दोष द्यायची सवय मात्र टिकली.

तिचा अनुभव मलाही आला. एका दवाखान्यात "चाव नीट बसत नाही, दोन दाढा थोड्या घासून घेऊ" असं सुचवलं गेलं. मी "घरी विचारून सांगते" म्हणून उठले. या वाक्याने पुण्यात बरीच खरेदी टळते. घासलेली दाढ परत वाढत नाही, आणि जे दुखणं बहुतेकांचं साध्या उपायांनी काही आठवड्यांत उतरतं, त्याच्यासाठी न परतणारा उपाय सगळ्यात आधी करायचं कारण नाही.

मग धागा सापडला कुठे? कालनिर्णयवर. आमच्याकडे दुधाचा हिशेब अजून भिंतीवरच असतो. त्याच चौकोनात मी दुखलेल्या दिवशी फुली मारायला लागले आणि शेजारी 'स' किंवा 'सं', म्हणजे सकाळी जास्त की संध्याकाळी. तीन महिन्यांत चित्र उघड झालं. फुल्या ९ ते ११ आणि १८ ते २० या तारखांभोवती दाटलेल्या, आणि बहुतेक 'सं'. मी सदाशिव पेठेत एका सी.ए.च्या ऑफिसात काम करते. जीएसटीची दोन रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ आणि जीएसटीआर-३बी ची २०, आणि क्लायंटची बिलं येतात ती १० आणि १९ च्या रात्री. दातओठ खाणं हा नुसता वाक्प्रचार आहे असं मला वाटायचं. त्या दिवसांत ते माझं काम होतं.

म्हणून पहिली तपासणी इथेच, खुर्चीतून न उठता. आत्ता हे वाचताना तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का?

टेकले असतील तर दुखणं परत परत का येतं, याचं निम्मं उत्तर तुमच्या तोंडात आहे. दात एकमेकांना भेटतात ते चावताना आणि गिळताना. बाकी दिवसभर ओठ मिटलेले, पण दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट, आणि जीभ वर टाळूला सैल टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा. आपल्याला वाटतं तोंड बंद म्हणजे दात बंद. तसं नाही. दात नुसते हलके टेकलेले असले तरी गालातले आणि कानशिलातले स्नायू कामावर असतात. आठ तास मूठ अर्धवट आवळून बसा, रात्री हात दुखेल की नाही? जबड्याचं तेच.

आता सांध्याबद्दल थोडं, कारण 'कट्' आवाजाने माणसं उगाच घाबरतात. तोंड उघडताना खालच्या जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे सरकतं. म्हणजे बिजागरीचं दार आणि सरकती खिडकी एकाच सांध्यात. मध्ये कुर्चेसारखी एक चकती असते, गादीसारखी. ती जरा पुढे निसटलेली असली की उघडताना टोक तिच्यावर उडी मारून चढतं, तो 'कट्'. असा आवाज कितीतरी लोकांचा येतो. दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्याला काही करायचं नाही. सारखं उघडझाप करून वाजतंय का बघणं तेवढं बंद करा. मी ते महिनाभर केलं, सिग्नलला थांबल्यावर, आणि सांधा त्यानेच चिडला.

दुसरी तपासणी आरशासमोर. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी बसतात का बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे आपल्याच हाताची तीन बोटं. दोनच बसत असतील तर लिहून ठेवा. उघडताना हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला वळते, तेही बघा. मग गालावर बोटं ठेवून दात एकदा हलके आवळा. जो गठ्ठा फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. सोडा आणि त्यावर दाबा. तिथे आणि कानशिलावर पसरट दुखत असेल तर भार स्नायूंवर आहे. एका बोटाने कानापुढची नेमकी जागा दाखवता येत असेल तर सांध्यावर. बऱ्याच जणांचं दोन्ही असतं, माझंही.

'स' आणि 'सं' याचा उपयोग असा: संध्याकाळी वाढणारं दुखणं दिवसभर दात आवळल्याचं असण्याची शक्यता जास्त, सकाळी उठतानाच गाल आणि कानशिलं जड असतील तर झोपेत दात खाल्ले जात असावेत. झोपेतलं आपल्या हातात फारसं नसतं, शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं. दिवसाचं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे, म्हणून सुरुवात तिथून.

माझा उपाय ४ रुपयांचा निघाला. टिकल्या. एक मॉनिटरच्या कोपऱ्यावर, एक स्कूटरच्या आरशावर कडेला, एक फ्रिजवर, एक मोबाइलच्या मागे. टिकली दिसली की तीन गोष्टी: दात सुटे, जीभ टाळूला, खांदे खाली. जीभ नेमकी कुठे हे कळत नसेल तर 'ल' म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या; त्या स्थितीत दात आवळणं अवघड जातं. पहिल्या दिवशी मी मोजलं, बारा वेळा टिकली बघितली आणि दहा वेळा दात टेकलेले सापडले. ऑफिसात चौकशा झाल्या, "मॉनिटरचं लग्न ठरलं का" वगैरे. दहा-बारा दिवसांनी टिकली नजरेत भरेनाशी होते, तेव्हा जागा आणि रंग बदलायचा.

स्कूटरचा मुद्दा पुण्यात निराळा मांडायलाच हवा. सिंहगड रोडने पेठेत यायचं म्हणजे दर शे-दोनशे मीटरवर हाडं मोजून घेणारा गतिरोधक. दात टेकलेले असताना दणका बसला की तो थेट सांध्यात जातो. त्यात धुळीसाठी स्कार्फ नाकातोंडावरून ओढून कानामागे घट्ट गाठ, म्हणजे हनुवटी मागे दाबलेली. स्कार्फ सैल बांधा. हेल्मेट मात्र सैल सोडू नका, पट्टा लागलेलाच हवा; हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतपत. गालाच्या गाद्या इतक्या घट्ट असतील की गाल दातांत सापडतो, तर पुढचं हेल्मेट घालून बघूनच घ्या.

दुखणं चालू असताना काय करायचं ते आता. ओला गरम टॉवेल: गरम पाण्यात बुडवून, पिळून, मनगटावर लावून बघून, गालावर आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. शेकायची रबरी पिशवी चालते, पण तीवर डोकं ठेवून झोपायचं नाही, भाजतं. नुकताच मार लागला असेल किंवा सांधा अचानक तापल्यासारखा ठणकत असेल तर पहिले एक-दोन दिवस बर्फ बरा, कपड्यात गुंडाळून १० मिनिटं. लवंगेच्या तेलाने किडलेल्या दाढेला आराम पडतो. सांध्यापर्यंत ते पोचत नाही.

शेकून झालं की तोच गालातला गठ्ठा बोटांच्या टोकांनी गोल गोल, हलक्या हाताने, मिनिट-दोन मिनिटं. दात सुटे ठेवून. जोर लावून रगडलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखतं. हे मी अनुभवाने सांगते.

मग व्यायाम. जीभ 'ल'च्या जागी टेकवून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतपतच तोंड उघडायचं-मिटायचं, आरशात हनुवटी सरळ रेषेत जातेय बघत, सहा वेळा. हनुवटीखाली दोन बोटं ठेवून अगदी हलक्या विरोधात तसंच सहा वेळा. आणि हनुवटी आत घेऊन मान लांब करायची, फोटो काढताना दुहेरी हनुवटी येते तशी, सहा वेळा. दिवसातून पाच-सहा वेळा जमलं तर उत्तम. मला चहाच्या वेळा धरून तीनदा जमतं. कळ आली की थांबायचं. लॅपटॉप मांडीवर किंवा खाली ठेवला की डोकं पुढे झुकतं आणि जबड्याचे स्नायू ताणले जातात, म्हणून पडदा डोळ्यांच्या उंचीवर. मी जुन्या व्हाउचर फायली खाली ठेवल्यात, अखेर त्यांचा उपयोग झाला. फोन कान आणि खांद्यात दाबून क्लायंटशी बोलणं, पेनाचं टोपण चावणं, नखं खाणं, हे सगळं त्याच खात्यात जमा होतं.

खाण्याबद्दल लोक 'मऊ खा' एवढंच सांगतात. पण भूक लागलेल्या माणसाला नेमकं काय ते हवं असतं. दुखण्याच्या आठवड्यात वरणभात, मुगाची खिचडी, इडली, उपमा, दुधी-भोपळ्याची भाजी, पोळी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून, भाकरी ताकात भिजवून, केळं, पपई. टाळायच्या यादीत पुणेकरांचं मन मोडेल असं बरंच आहे: भाकरवडी, लोणावळ्याची चिक्की, चणे-फुटाणे, कडक झालेली भाकरी, ऊस, पेरू, खोबऱ्याचे तुकडे, दिवाळीत चकली. च्युइंगम तर अजिबात नको, 'व्यायाम होतो' म्हणून काही जण मुद्दाम चघळतात. एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: कडकपणाइतकाच घासाचा आकार त्रास देतो. पाणीपुरी मऊ नसते म्हणून नव्हे, तर तिच्यासाठी 'आ' वासावा लागतो म्हणून सांधा दुखवते. वडापावचंही तसंच, तो मी आता सुरीने चौघांत वाटल्यासारखा कापते आणि चारही भाग स्वतः खाते. दोन्ही बाजूंनी चावायचं. दुखऱ्या बाजूला सुट्टी देऊन महिनोन्महिने एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजूही तक्रार करते. चहा-कॉफी, सिगारेट आणि दारू यांचा झोपेत दात खाण्याशी संबंध आढळलेला आहे, म्हणून संध्याकाळी सहानंतरचा चहा मी सोडला. रिटर्नच्या रात्री सोडून. खोटं कशाला बोलू.

जांभई आली की मूठ हनुवटीखाली टेकवा किंवा जीभ टाळूला लावा, म्हणजे तोंड अती उघडत नाही. पालथं झोपणं आणि गालाखाली हात घेणं टाळा.

गोळ्या. ज्यांना चालते त्यांना पॅरासिटामॉल दोन-तीन दिवस, वेष्टनावरचं प्रमाण न ओलांडता. आयब्युप्रोफेनने सूज आणि दुखणं दोन्ही कमी होतं, पण जेवणानंतर आणि थोडेच दिवस. अल्सर, किडनीचा त्रास, हृदयविकार, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर आयब्युप्रोफेनला हात लावू नका. डेंगू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पुण्यात जुलै ते ऑक्टोबर ही शंका घ्यावीच लागते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळेही दात आवळले जातात. तसं वाटलं तर गोळी स्वतः बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

रात्री दातांत घालायच्या गार्डबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. दात झिजत असतील तर ते झीज वाचवतं, ते दंतवैद्याने माप घेऊन केलेलं असावं. दुखणं त्यानेच जाईल याची खात्री नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी जी मार्गदर्शक सूचना आली, तिने भर दिला तो देखरेखीखालच्या व्यायामावर, हाताने केलेल्या उपचारांवर आणि विचार-सवयी बदलणाऱ्या समुपदेशनावर. गार्ड तिने मागेच ठेवलं. ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात बुडवून चावायचं मऊ गार्ड मी घेतलं होतं. रात्रभर ते चघळत होते, सकाळी गाल आणखी जड. ते आता खणात आहे.

आता ज्यात घरी थांबायचंच नाही ते. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो, घाम येतो, छाती किंवा हात भरून येतो: हे हृदयाचं असू शकतं, टॉवेल गरम करत बसू नका, १०८ ला फोन करा. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच कानशिलात डोकेदुखी, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळी, चावताना जबडा दमणं, नजर अंधूक: त्याच दिवशी डॉक्टर, कारण यात दृष्टी जाऊ शकते. ताप आणि गालाला सूज, किंवा अक्कलदाढेभोवती पू: संसर्ग आहे. गालात विजेचा झटका बसल्यासारखी क्षणिक कळ: ती नसेची. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा आवळत चालला असेल तर धनुर्वाताची शंका, थेट हॉस्पिटल. उघडलेलं तोंड मिटेनाच असं झालं तर घरात कोणी पहिलवान असला तरी ढकलू देऊ नका, सांधा निखळलाय, तो डॉक्टरनेच बसवायचा. आणि वाजणारा जबडा एक दिवस अचानक वाजायचा थांबला, पण तोंड दोनच बोटं उघडतंय, तर चकती अडकली असेल. आठवड्याच्या आत दाखवा.

एक आपल्याकडचं, वेगळं सांगायला हवं असं. तोंड महिन्यागणिक कमी उघडतंय, सांधा फारसा दुखत नाही, पण तिखटाने तोंडात आग होते आणि गाल आतून ताठ, पांढरट लागतात, असं असेल आणि सुपारी, मावा किंवा गुटख्याची सवय असेल, तर हा जबड्याचा सांधा नव्हे. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं आणि पुढे त्यात कॅन्सरचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण जेवणानंतर डबीतून पुढे येणारी गोड सुपारीही शेवटी सुपारीच. व्यायाम करत बसू नका, दाखवा.

यातलं काही नसेल तर घरच्या उपायांना दोन-तीन आठवडे मनापासून द्या. मनापासून म्हणजे दुखणं थांबल्यावरही. माझी चूक तीच होती: ठणका गेला की टॉवेलही गेला, टिकलीही. दुखणं थांबतं तेव्हा स्नायू शांत झालेले असतात, सवय जागेवरच असते. तरीही फरक नसेल तर दंतवैद्य, त्यातही ओरल मेडिसिनचे, म्हणजे तोंडाच्या आजारांचे, किंवा जबड्याचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट. डेंटल कॉलेजांच्या बाह्यरुग्ण विभागांत हा विभाग वेगळा असतो आणि खर्चही सहसा आटोपशीर: धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील. सकाळी लवकर जा, नंबर लागतो. जाताना कालनिर्णयचं पान फाडून किंवा फोटो काढून न्या. कधी दुखतं, सकाळी की संध्याकाळी, किती बोटं उघडतं, हे सांगणारा रुग्ण डॉक्टरांना आवडतो.

माझं या महिन्याचं पान समोर आहे. फुल्या दोन. एक १९ तारखेची, ती धरलेलीच होती. दुसरी रविवारची: सिंहगडावर पाऊस होता, भाजलेलं कणीस होतं, आणि मी ते दातांनी ओरबाडून खाल्लं. शेजारीच मडक्यातलं दही विकत होते. पुढच्या वेळी दही, आणि कणसाचे दाणे सुरीने सोडवून.